दोन जोडण्या, एक राऊटर
(भाषणाचा गोषवारा)



वारणा परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ साली हाती घेण्यात आला. ऊसनोंद आणि वजन गावातच कळावे, हा त्यामागील हेतू. आज दूध संस्थेचे बिलही इंटरनेटवरच निघते. जोडणी तुटली की पैसे अडतात. म्हणून काही संस्था फायबर आणि मोबाईल सिम अशा दोन जोडण्या घेतात.

येथे एक गैरसमज होतो. ५० आणि १० एमबीपीएसच्या जोडण्या मिळून एका फाइलीला ६० मिळत नाहीत. राऊटर हा पाटकऱ्यासारखा असतो. तो प्रत्येक सरीला कोणत्या तरी एकाच पाटाचे पाणी देतो. त्यामुळे वाटप ५:१ असे ठेवावे. समान ठेवल्यास निम्मी कामे कमजोर जोडणीवर जाऊन रखडतात.

बँकेच्या व्यवहारात मध्येच पत्ता बदलला तर बँक आपल्याला बाहेर काढते. तेवढे काम एकाच जोडणीवर बांधून ठेवावे. तसेच जोडणी चालू आहे की नाही हे राऊटरने बाहेरचा पत्ता तपासून ठरवावे. जवळच्या पेटीचा दिवा पेटलेला असतो आणि पुढे वायर तुटलेली असते!

२०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. दोन्ही जोडण्या एकाच मार्गाने येत असतील तर दुसरीचा खर्च वाया समजा, घेण्यापूर्वी विचारा.

महिन्यातून एकदा, सकाळचे संकलन आटोपल्यावर, फायबरची वायर काढून बिलाचे पान उघडते का ते पाहावे.