आघाताच्या वेळी धावून कोणी जायचे?

(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. इथे तुमचे आई-वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले पाहिजे, अशी समज तथागतांनी संघाला दिली. पण ते उपदेशावर थांबले नाहीत. आजाऱ्याकडे कोणी पाहायचे याचा क्रमच त्यांनी लावून दिला : उपाध्याय, आचार्य, शिष्य, सहनिवासी, आणि यांपैकी कोणी नसेल तर सारा संघ.

वसतिगृहातही आई-वडील नसतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये पवईच्या आय.आय.टी.त पहिल्या वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. कुटुंबीयांनी जातीय भेदभावाचा आरोप केला. संस्थेच्या समितीला त्याचा थेट पुरावा आढळला नाही. त्या वादापलीकडे एक प्रश्न उरतोच. असा आघात होतो त्या रात्री शेजारच्या खोलीतल्या मुलांजवळ कोणी बसायचे?

हे काम ‘सगळ्यांचे’ म्हटले की कोणाचेच राहत नाही. म्हणून प्रत्येक महाविद्यालयात आधीच ठरलेले पथक हवे : समुपदेशक, डॉक्टर, वसतिगृहाचे अधीक्षक, एक-दोन प्राध्यापक आणि प्रशिक्षित विद्यार्थी. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचे सार तीन गोष्टींत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. कोण सुरक्षित नाही ते पाहावे. समोरचा बोलेल तेवढे ऐकावे. काय घडले ते खोदून-खोदून विचारू नये. मग त्याला घरच्यांशी, मित्रांशी, गरज पडल्यास डॉक्टरांशी जोडून द्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, असे आपुलकीने सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट मन मोकळे होते. अफवा पसरू देऊ नयेत. आणि चार दिवसांनी सारे पांगतात, तेव्हाही पथकाने विचारपूस चालू ठेवावी.

आपल्या समाजाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात दहाजण मृत्युमुखी पडले. त्या खटल्यात सत्र न्यायालयाचा निकाल यायला २००९ साल उजाडले. न्यायाचा लढा लढलाच पाहिजे. पण ज्या मुलाने तो गोळीबार डोळ्यांनी पाहिला, त्याची झोप बारा वर्षे थांबू शकत नाही. न्याय आणि आधार ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हावी लागतात. आधार दिला म्हणून चौकशी टळत नाही आणि चौकशी नेमली म्हणून आधाराची गरज संपत नाही.

आता कायद्याचेही पाठबळ आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्याचा आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देण्याचा निर्देश दिला. वंचित समाजातून आलेल्या विद्यार्थ्यांशी भेदभावरहित वागणूक कशी ठेवावी, हेही त्या प्रशिक्षणात अपेक्षित आहे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील महाविद्यालयांत शिकणाऱ्या मित्रांनो, या आठवड्यात कार्यालयात जाऊन एवढेच विचारा : आमच्या संस्थेचा समुपदेशक कोण? रात्री कोणाला फोन करायचा? उत्तर मिळाले तर ते सूचनाफलकावर लावायला सांगा. नाही मिळाले तर संस्थेकडे या. आपण मिळून लेखी अर्ज देऊ. तोवर शासनाची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा चोवीस तास चालू आहे, हे ध्यानात ठेवा.

करुणा मनात असतेच. तिला नाव, पाळी आणि फोन क्रमांक मिळाला, की ती वेळेवर पोहोचते.

नमो बुद्धाय! जयभीम!