माजघरापर्यंत वायफाय

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण)

तायांनो, आज परतफेडीचा विषय नाही, घाबरू नका. आज घरातल्या वायफायचं बोलायचंय.

मागच्या महिन्यात एका समूहाच्या सचिव ताईंकडे गेले होते. ऑनलाइन सभा चालू, आणि ताई ओट्याच्या पायरीवर भर उन्हात मोबाइल धरून उभ्या. घरात वायफाय आहे, बिलही ताईच भरतात. पण राउटर बैठकीत, टीव्हीच्या मागे. तिथे सासरे आणि दीर बसलेले. मधे दोन दगडी भिंती, त्यामुळे माजघरात रेंजची एक काडी आणि स्वयंपाकघरात तीही नाही. म्हणजे कर्जाचं, बँकेचं बोलायचं तर एक तर सगळ्यांसमोर, नाहीतर पायरीवर. राउटर कुठल्या खोलीत आहे, यावरून नेट कुणाचं ते ठरतं, असं मला तेव्हा वाटलं.

नवीन काही घ्यायच्या आधी आहे तो राउटर हलवून बघा. टीव्हीमागे, लोखंडी कपाटाजवळ, पाण्याच्या टाकीशेजारी नको. लोखंड आणि पत्रा लहरी परतवतात, पाणी त्या शोषून घेतं. घराच्या मध्यावर, डोक्याच्या वर ठेवा. फायबरची तार मात्र स्वतः ओढू-दुमडू नका, आत काच असते. जोडणीवाल्यालाच बोलवा. मोबाइलमध्ये २.४ आणि ५ अशी दोन नावं दिसत असतील, तर भिंतीपलीकडे २.४ चं धरा. वेग कमी, पण पोहोच जास्त.

एवढ्यानं भागलं नाही, तरच दुसरा राउटर. इथे माझी फजिती सांगते. आमच्या घरी मी हौसेनं रिपीटर आणला आणि जिथे रेंज शून्य, तिथेच लावला. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? रिपीटर लावायचा तो मधल्या वाटेवर, जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे. साधा रिपीटर त्याच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो, हेही धरून चला.

सचिव ताईंच्या घरी आम्ही तारेनं केलं. त्यांच्या माळ्यावर जुना राउटर पडून होता. आधी तो एकटाच मोबाइलला जोडून त्याची सेटिंग बदलली. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१ होता, म्हणून याचा १९२.१६८.१.२ केला, आणि याचं डीएचसीपी बंद केलं. घरात येणाऱ्या प्रत्येक मोबाइलला राउटर एक नंबर देतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. दोघंही नंबर वाटायला लागले की गोंधळ. समूहाची वही दोघींनी वेगवेगळी लिहिली तर काय होतं, ते मी तुम्हाला काय सांगू! नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवलं. चॅनेल मात्र वेगळं, एकाचं १, दुसऱ्याचं ६. मग एका राउटरच्या लॅनच्या भोकातून दुसऱ्याच्या लॅनच्या भोकात तार. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते, घराला पुष्कळ झाली.

पण अंगणावरून, झाडावरून तार ओढून शेडपर्यंत नेऊ नका. विजेचे दिवस आहेत. आणि लाइट गेली की दोन्ही राउटरना बॅटरी लागेल. ती घेताना अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय, ते आधी वाचा.

गेल्या शनिवारच्या सभेला सचिव ताई माजघरात पाट टाकून बसल्या होत्या. मागे कुकरची शिट्टी झाली, ती आम्हा सगळ्यांना ऐकू आली.

पुढच्या सभेला घरात पडलेला जुना राउटर त्याच्या अडॅप्टरसकट घेऊन या. कंपनीचा असेल तर परत द्यायचा नाही ना, तेवढं विचारून या. सेटिंग इथेच बसून करू.