मास्तर स्वस्त केला, कर्ज कोणाचं फिटलं?

(तालुका शिबिरात दुसऱ्या दिवशी ‘जमीन आणि शाळा’ या विषयावर आम्हा तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेलं भाषण. बोललं तसंच लिहून काढलं आहे.)



काल दिवसभर आपण प्लॉटवर बोललो. आज शाळेवर बोलायचं आहे. रात्री जेवताना काही म्हातारी माणसं म्हणाली, “जमिनीच्या संघटनेला शाळेचं काय काम?” आम्ही त्यांना विचारलं, बाबा, तुमची दंडाची पावती कुठे गेली? डिसेंबर १९७८ मध्ये सरकारने जी.आर. काढला. १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातलं अतिक्रमण कायम करा म्हणाले. तेव्हा ज्यांच्याकडे फॉरेस्टच्या दंडाची पावती होती, त्यांना साहेबासमोर काही दाखवता आलं. ज्या घरात एकालाही वाचता येत नव्हतं, त्या घरात तो कागद झापाला खोचला, धुराने काळा झाला, पावसात भिजला. कष्ट दोघांनी सारखेच केले होते. म्हणून शाळा हा जमिनीचाच प्रश्न आहे.

१९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या आदिवासींपैकी शंभरात जेमतेम ३७ जणांना लिहिता-वाचता येत होतं. बायांचा आकडा फक्त २४. घटनेच्या ४५ व्या कलमात लिहिलं होतं की दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळेल. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं, देशाच्या उत्पन्नातले शंभरातले ६ रुपये शिक्षणावर खर्च करा. आजपर्यंत ते ६ रुपये कधी पुरे झाले नाहीत. ४ च्या आसपासच गाडी अडते.

आता सरकार म्हणतं, तिजोरीत पैसा नाही. ही भाषा कधी सुरू झाली ते समजून घ्या. १९९१ मध्ये देशाकडे परदेशी माल घ्यायला पैसे उरले नाहीत. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं परदेशी बँकांकडे गहाण ठेवलं. आपली बाई अडचणीला चांदीचं गाठलं सावकाराकडे ठेवते, तसंच. मग नाणेनिधी आणि जागतिक बँकेकडून कर्ज घेतलं. सावकार कर्ज देताना अटी घालतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. अट होती, सरकारचा खर्च कमी करा. त्यालाच काटकसर म्हणतात.

काटकसर वाईट नाही. आपण रोजच करतो. पण घरात तंगी आली तर आपण आधी कोणाच्या ताटातली भाकरी काढतो? पोराच्या ताटातली काढत नाही. सरकारने पोराच्याच ताटाला हात घातला.

हिशोब बघा. पाचव्या वेतन आयोगानंतर प्राथमिक शिक्षकाचा मूळ पगार सुरूच होत होता ४५०० रुपयांवर, वर महागाई भत्ता वेगळा. मार्च २००० मध्ये सरकारने ‘शिक्षण सेवक’ आणला. काम तेच, डी.एड.ची अट तीच. मानधन तेव्हा ३००० आणि तेही तीन वर्षं. त्याच्याही खाली होता वस्तीशाळेचा स्वयंसेवक. त्याला तेव्हा महिना १००० रुपये मिळत. तीस दिवसांनी भागा, दिवसाला ३३ रुपये पडत. शेजारच्या मध्य प्रदेशात १९९७ पासून शिक्षण हमी योजनेत ‘गुरुजी’ नेमले, त्यांना सुरुवातीला ५०० रुपये दिले. म्हणजे नाव गुरुजी आणि पैसा गड्यापेक्षा कमी!

आणि हा हजाराचा मास्तर शहरातल्या मोठ्या शाळेत दिसत होता का? नाही. तो पाड्यावर, डोंगरात, तांड्यावर दिसत होता. कर्ज सगळ्या देशाचं आणि काटकसर आपल्या पोरांच्या पाटीवर. १९८७ मध्ये हेच सरकार ‘खडू-फळा मोहीम’ काढून म्हणत होतं की प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक हवेत. ते खोटं होतं का? तेव्हा दोन लागत होते, मग नंतर एक स्वयंसेवक कसा पुरला?

पैसा कुठेच नाही असंही नाही. एनरॉनच्या महाग विजेसाठी सरकारने हमी दिली होती. बिल थकलं तेव्हा कंपनीने ती हमीच पुढे केली. कंपनीला हमी लेखी, शिक्का मारून. आपल्या पोरांना हमी फक्त योजनेच्या नावात.

आता एक कडू गोष्ट बोलायची आहे. शिक्षकांनी संप केला की आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, “बरं झालं, पगार कापा. मास्तर तसाही येत नाही.” हा राग खोटा नाही. सोमवारी उशिरा येणारा आणि शनिवारची गाडी धरून जाणारा मास्तर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आपल्या बोलीला हसणारा मास्तरही पाहिला आहे. त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण पगार कापून तो वेळेवर येणार आहे का? दांडी मारणारा मास्तर हा एक प्रश्न आणि रिकामी जागा हा दुसरा. सरकार पहिला प्रश्न दाखवून दुसरा झाकतं. एका मास्तरावर चार वर्ग, वरून जनगणना, मतदार यादी, पल्स पोलिओ. असा मास्तर कामाचा असला तरी शिकवणार कधी?

शिक्षक संघटनांनाही आमचं सांगणं आहे. तुमच्या पगाराच्या लढ्याला आम्ही साथ देऊ. पण तुमच्या मागण्यांच्या कागदावर वस्तीशाळेच्या स्वयंसेवकाचं नाव का नव्हतं? तो आमचा पोरगा आहे, आमची पोरगी आहे. तेव्हा त्याला हजारात राबवला, उद्या तुमची जागा त्याच भावात भरतील.

कोणी विचारेल, मग वस्तीशाळा नको म्हणायचं होतं का? आमच्यातही यावर वाद झाला. काही जण म्हणाले, अर्धी शाळा घेऊ नये. पण पावसाळ्यात ओहोळ भरला की सहा वर्षांचं पोर पलीकडच्या शाळेत जाऊ शकत नाही, हे आपण जाणतो. म्हणून आम्ही ठरवलं, शाळा घ्यायची, तिथल्या पोरांनी मन लावून शिकवायचं, पण हजार रुपये कबूल करायचे नाहीत. आत शिरून भांडायचं. प्लॉटही आपण आधी कसले, मग नावावर मागितले.

शेवटचं. दिवाळीनंतर नागली-वरई संपते आणि आपण पोरांना घेऊन वीटभट्टीवर जातो. शाळेत महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा, पण ८० टक्के हजेरी लागायची. भट्टीवर गेलेल्या पोराचं शिक्षणही जायचं आणि तांदूळही. जमीन नावावर झाली, विहिरीला कर्ज मिळालं, दुसरं पीक निघालं, तर पोर पाड्यावर राहील. मास्तर पुरा असला आणि पोरं भट्टीवर असली तर काय उपयोग? दोन्ही लढे एकत्रच लढावे लागतील.

तर कामं अशी. प्रत्येक पाड्याने शाळेत मंजूर जागा किती, भरलेल्या किती, हे लिहून काढायचं. भट्टीवर जाणाऱ्या पोरांची नावनिशी यादी करायची. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तीन ठराव मांडायचे: रिकाम्या जागा भरा, स्वयंसेवकाला शिकवून पुरा शिक्षक करा आणि पुरा पगार द्या, भट्टीच्या हंगामात पोरांची पाड्यावरच राहण्या-जेवणाची सोय करा. ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहिल्याशिवाय उठायचं नाही. लिहिल्यावर वाचून दाखवा म्हणायचं. आणि सहीची नक्कल घेऊन ती नीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. ही पावती आता हरवायची नाही.

जिंदाबाद!