वडगाव ते हडपसर



निगडीहून जुन्या महामार्गानं लोणावळ्याकडे निघालात की देहूरोड, तळेगाव मागे टाकल्यावर वडगाव मावळ लागतं. राघोबादादांना पुण्यात पेशव्यांच्या गादीवर बसवायला निघालेली इंग्रजांची फौज जानेवारी 1779 मध्ये तिथं शरण आली. मराठ्यांनी वाटेवरची दाणावैरण जाळून टाकली होती. जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून इंग्रज रातोरात मागे फिरले, तरी सुटले नाहीत. त्या मोहिमेत महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर एका बाजूला होते.

पुढं 25 ऑक्टोबर 1802 ला मात्र हडपसरजवळ शिंदे आणि होळकर यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. यशवंतराव होळकर जिंकले, पेशवे दुसरे बाजीराव पळाले आणि 31 डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह करून त्यांची तैनाती फौज घेऊन बसले.

आधी एकत्र लढायचं आणि मग एकमेकांवर तुटून पडायचं, ही खोड आपलीच, असं समजू नका. इ.स.पू. 479 मध्ये प्लाटीयाला अथेन्स आणि स्पार्टा यांनी मिळून इराणी फौज हरवली. पुढं हीच नगरराज्यं सत्तावीस वर्षांच्या युद्धात एकमेकांशी झुंजली, आणि अथेन्सला नमवणारं आरमार स्पार्टानं उभं केलं ते इराणच्याच पैशावर!

पुन्हा पुण्याकडे येऊ. हडपसरच्या लढाईच्या आदल्या वर्षी यशवंतरावांचे भाऊ विठोजी पकडले गेले. बाजीरावांनी त्यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. हुकूम एका माणसाचा आणि राग जुना; रात्र उलटल्यावर तो हुकूम फिरवणार कोण?

अथेन्समध्ये असा हुकूम फिरवणारे निघाले. लेस्बॉस बेटावरच्या मिटिलीनीनं केलेलं बंड इ.स.पू. 427 मध्ये मोडलं. संतापलेल्या नागरिकांच्या सभेनं ठरवलं, तिथले सगळे पुरुष मारा, बायकामुलं गुलाम करा. हुकूम घेऊन नौका निघालीसुद्धा. दुसऱ्या दिवशी लोकांना ते बोचू लागलं आणि सभा पुन्हा बसली. क्लिऑन म्हणाला, ठरलं ते ठरलं. डायोडोटस दयामाया बोलला नाही. यांना मारून आपला फायदा काय, एवढंच त्यानं विचारलं. हात वर झाले आणि निसटत्या फरकानं हुकूम रद्द झाला. दुसऱ्या नौकेचे वल्हेकरी वल्हं मारता मारताच दारू-तेलात मळलेलं सातूचं पीठ खात, आळीपाळीनं झोपत ऐनवेळी पोचले. बंडाचे म्होरके मेलेच, शहर वाचलं.

अथेन्सला फार डोक्यावर घेऊ नका. त्या सभेत बायकांना, गुलामांना जागा नव्हती. अकरा वर्षांनी मेलोस बेटासाठी त्यांनी असाच हुकूम दिला, तेव्हा दुसरी नौका सुटली नाही.

तुमच्यातले बरेच जण आज पदवी घेऊन उद्या चाकण-तळवड्याच्या कारखान्यांत जातील. तिथं बैठकांना तोटा नाही. काल ठरलेलं आज पुन्हा काढणाऱ्याला तिथं कटकट्याच म्हणतात. तुम्ही तो कटकट्या व्हावं, असं मला वाटतं. बढती लांबेल, हे आधीच सांगतो. डायोडोटसचं नावही त्या एका भाषणापलीकडे इतिहासात सापडत नाही.

असो, आईवडील केव्हाचे ताटकळलेत. या, पदव्या घ्यायला.