तिल्लीवरचे रेशीम : येवला आणि अमरपुरा

नाशिक जिल्ह्यातील येवल्यात विणली जाणारी पैठणी आणि ब्रह्मदेशात मंडालेजवळच्या अमरपुरा येथे विणले जाणारे ‘लुंटया’ हे रेशमी वस्त्र दिसायला अगदी निराळी असली, तरी त्यांच्या विणकामातील मूळ युक्ती एकच आहे. साध्या विणकामात बाणा, म्हणजे आडवा धागा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अखंड जातो. या दोन्ही वस्त्रांच्या नक्षीत मात्र प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या जागेपुरताच ये-जा करतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून मागे फिरतो.

लुंटया या नावाचा अर्थच ‘शंभर धोटे’ असा असून, त्यावरील लाटांसारखी वळणे कापडाच्या संपूर्ण रुंदीभर पसरलेली असल्यामुळे खरोखरच शंभराच्या घरात लहान धोटे हाताळावे लागतात व एका मागावर बहुधा दोन स्त्रिया शेजारी बसून विणतात. त्यापासून ‘थमेइन’ हे कंबरेला गुंडाळण्याचे वस्त्र होते. त्याच्या वरच्या कडेला खोचण्यासाठी काळा सुती पट्टा जोडलेला असतो, आणि दरबारी थमेइनचा खालचा घोळ पायांमागे जमिनीवर रुळत असे. महाराष्ट्राला हा पोशाख सर्वस्वी अपरिचित म्हणता येणार नाही, कारण १८८५ साली इंग्रजांनी पदच्युत केलेला थिबा राजा राणी सुपयालत व मुलींसह १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता आणि १९१६ साली तेथेच वारला.

येवल्याचा विणकर हीच युक्ती पदर आणि काठ यांसाठी राखून ठेवतो. अंगाचा भाग धोट्याने भराभर पुढे सरकतो. पदर आला की तिल्ल्या, म्हणजे रंगीत रेशमाच्या लहान कांड्या, हाती येतात आणि कामाची गती बोटांवर ठरू लागते. मोर, मुनिया म्हणजे पोपट, असावली ही फुलवेल, बांगडीच्या गोलात बसवलेले मोर, अशी नक्षी जरीच्या जमिनीवर एकेक धागा मोजून उठते. पदर जितका भरगच्च, तितका वेळ अधिक. भारी पैठणीला कित्येक महिने लागतात, आणि तिची किंमत ही मुख्यतः या वेळेची किंमत असते, हे ग्राहकाच्या सहसा ध्यानात येत नाही. जरीचीच चर्चा फार होते.

पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी जकार्डवर किंवा यंत्रमागावर विणलेले, दुरून तसेच दिसणारे कापडही त्याच नावाने विकले जाते. म्हणून ग्राहकाने दुकानात पदर उलटून पाहावा : हातविणीच्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ असते, आणि मागे सुटे धागे लोंबत असतील तर ते काम तिल्लीचे नव्हे.