मिरची, मेंदू आणि स्मरणशक्ती
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आहाराविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आम्हांस आज्ञा झाली. आम्ही वैद्य नव्हे. उभे आयुष्य शाळेत गेले. परंतु परीक्षा जवळ आली की पालक मुलांसाठी स्मरणशक्तीच्या बाटल्या आणतात, आणि साठी उलटलेले आमचे स्नेही ‘अँटिऑक्सिडंट’ नावाच्या गोळ्या खिशात बाळगतात. हे पाहून या विषयात थोडे डोकवावेसे वाटले.

वांगे चिरून ठेवले तर घटकाभरात काळवंडते; लिंबू पिळले तर तसे होत नाही. प्राणवायूमुळे घडणारी ही क्रिया लिंबातील द्रव्य रोखते. अशा द्रव्यांस अँटिऑक्सिडंट म्हणतात. आपल्या देहातही प्राणवायूच्या वापरातून काही उपद्रवी कण निपजतात. मेंदूचे वजन देहाच्या अवघे २ टक्के, परंतु प्राणवायूचा सुमारे पंचमांश तोच वापरतो. शिवाय त्यात स्निग्धांश पुष्कळ. म्हणून या कणांचा जाच त्यास अधिक.

हंगेरीतील शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी वनस्पतींच्या अशाच काळवंडण्यापासून अभ्यासास आरंभ केला. १९२८ च्या सुमारास त्यांना मूत्रपिंडांवरील ग्रंथींत एक आम्ल सापडले. संकट आले, मनावर ताण पडला की ज्या ग्रंथी रक्तात उत्तेजक रस सोडतात, त्याच या ग्रंथी! परंतु त्यांतून ते आम्ल मिळे फार थोडे. अखेर सेगेद गावी त्यांना त्याचा मोठा साठा गवसला, तो तांबड्या मिरचीत. ते आम्ल म्हणजेच ‘क’ जीवनसत्त्व. १९३७ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. ती हंगेरियन मिरची आणि नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळणारी मिरची एकाच जातीच्या वनस्पतीची, हे ऐकून आमच्या शेतकरी बांधवांस संतोष वाटेल. मात्र उन्हात वाळताना ‘क’ जीवनसत्त्व बहुतांशी नष्ट होते; लाल रंगद्रव्य पुष्कळसे टिकते. हिरव्या मिरचीचा ठेचा या बाबतीत सरस, पण तो खाणार तो किती! शंभर ग्रॅम पिकल्या पपईत मात्र सुमारे ६० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. आपल्या शहादे तालुक्यातील पपई ट्रक भरभरून उत्तरेकडे जाते, आणि तिच्याच मालकाच्या घरी गोळ्यांची डबी येते. यास काय म्हणावे?

गोळ्यांविषयी थोडे स्पष्ट बोलतो. ‘क’ जीवनसत्त्वाचा दुष्काळ पडला की मनुष्य उदास व निरुत्साही होतो, हे खरे. पण ज्याचे पोट फळभाजीने भरते, त्यास गोळ्या देऊन बुद्धी तल्लख होते असे सिद्ध झालेले नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपानी पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. गाजरातील बीटा-कॅरोटीन गोळीरूपाने घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला आढळला. गाजर निर्दोष, पण त्यातला एक अंश काढून मोठ्या मात्रेत घेणे ही गोष्ट निराळी.

आता आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचा प्रश्न. आजोबा एकच गोष्ट दहादा विचारू लागले, आजी गप्प बसू लागल्या, की ‘वय झाले’ म्हणून आपण मोकळे होतो, अथवा महागडी शक्तिवर्धके आणतो. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाच्या अभावानेही विस्मरण आणि खिन्नता येते. ते पपईत नाही, मिरचीत नाही, कोणत्याही भाजीत नाही. शाकाहारी माणसास ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळते. म्हातारपणी अन्नातून ते शोषले जाण्याची शक्तीही पुष्कळांत मंदावते. कंठग्रंथीच्या मंदपणानेही असेच घडते. दोन्ही गोष्टी रक्ताच्या तपासणीत कळतात, दोन्हींवर उपचार आहेत. पण ‘ब-१२’च्या बाबतीत फार विलंब झाला तर मज्जातंतूंची हानी भरून येत नाही. तेव्हा या संमेलनाहून परतल्यावर आपल्या घरातील वृद्धांस या तपासणीसाठी डॉक्टरांकडे न्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.