मुलताईचं पाणी, कोरिंगाचं वन

नांदगाव पेठला आजचा विषय कांदळवनाचा आहे म्हटल्यावर माझ्या घरीच आधी हसले. बरोबरच आहे. इथून कोणत्याही दिशेने निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. भरती-ओहोटीच्या पाण्यात उभ्या असलेल्या जंगलाशी वऱ्हाडाचा संबंध काय? संबंध नळाचा आहे.

इथली औद्योगिक वसाहत आणि शेजारचं अमरावती शहर अप्पर वर्धा धरणाच्या पाण्यावर चालतं. वीज प्रकल्पाला हे पाणी द्यायचं की शेतीला, यावरून किती आंदोलनं झाली ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या वाटणीत आणखी एक हिस्सेदार होता. तो मोर्च्यात आला नाही, कारण तो आंध्रात उभा आहे.

आपला जिल्हा दुपाखी घरासारखा आहे. एका पाख्यावरचं पाणी पूर्णेत जातं, पूर्णा चांगदेवला तापीत. दुसऱ्या पाख्यावरचं वर्धेत. तापी आणि वर्धा दोघींचं माहेर मुलताईच, पण सासरं वेगळी. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागराला पोचते. तिथे गोदावरीने गाळ टाकून टाकून त्रिभुज प्रदेश उभा केला. तिच्या गौतमी फाट्याशी, काकिनाड्याजवळ, कोरिंगाचं कांदळवन आहे. १९७८ साली अभयारण्य झालं, सुमारे २३५ चौरस किलोमीटर. तिवराचं रान, पाणमांजरं, मासे धरून खाणारं रानमांजर. आणि त्या झाडांच्या पायाखालच्या गाळात थोडी वऱ्हाडची काळी मातीही आहेच.

१८३९ च्या नोव्हेंबरातल्या चक्रीवादळाने याच कोरिंगाचं बंदर उद्ध्वस्त केलं. असा किनारा आहे तो. लाटेचा जोर मोडायला झाडं हवीत, हे तिथल्या कोळ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

तरी ते रान तुटलं. सरकारी कूप, म्हणजे तोडीचे पट्टे, पाडून सरसकट तोड होई. आता गंमत बघा. झाडं गेली की जमीन उघडी पडते आणि थोडी खचते. भरतीचं पाणी त्या खोलगटात शिरतं, पण ओहोटीला परत निघत नाही. उन्हाने आटतं आणि मीठ मागे राहतं. पुढच्या भरतीला आणखी मीठ. मग बी पडलं तरी रुजत नाही. दर्यापूर-भातकुलीच्या खारपाणपट्ट्यातला माणूस इथे मान हलवील. मिठाने धरलेली जमीन म्हणजे काय, हे त्याला ठाऊक आहे. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान, वनखातं आणि गावकरी यांनी त्यावर उपाय केला तो शेतकऱ्याच्या डोक्यातला वाटावा असा: मधोमध एक मोठा चर, त्याला दोन्ही अंगांनी माशाच्या काट्यासारखे तिरपे बारीक चर. पाणी आलं, पाणी गेलं, मीठ धुतलं गेलं. मग रोपं लावली. नुसती रोपं लावून फोटो काढणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

पण चर खणून गाळ येत नाही. तो वरूनच यावा लागतो. १८५२ साली कॉटन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने गोदावरीवर धवळेश्वरमला बांध घातला, त्याने त्रिभुज प्रदेश भाताने पिकला. पुढे गोदावरी आणि तिच्या उपनद्यांवर आपण धरणांची माळच ओवली. धरणात पाणी थांबतं तसा गाळही थांबतो. तिकडे त्रिभुज प्रदेशाची समुद्राकडची कड झिजते आहे, अन् इकडे आपण जलाशय गाळाने भरतात म्हणून रडतो. दोन्ही तक्रारी एकाच मातीच्या आहेत. धरणं फोडा, असं म्हणणारा मी नाही. मीही तेच पाणी पितो. पाण्याचे हिशेब टीएमसीत मांडताना खाली किती सोडलं आणि त्यात माती किती होती, हा रकाना मात्र मला हवा आहे.

येत्या पावसाळ्यात सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाची तेरा दारं उघडली की आपण सगळे पाहायला जाऊच. जाताना दोन बाटल्या न्या. एक जलाशयाच्या वर, वर्धेच्या पुराच्या पाण्याने भरा, एक धरणाखाली. घरी ओट्यावर रात्रभर ठेवा, आणि सकाळी चहाच्या आधी दोन्हींचे तळ बघा.